आकड्यांचा अभ्यास आणि आकड्याचा नाद

हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याचा निकाल सांगून टाकणाऱ्यांचा एक स्वतंत्र हंगाम आता रूढ झाला आहे. क्रिकेटचा पहिला चेंडू पडण्याआधीच कोणता संघ अजिंक्य ठरेल, कोणता फलंदाज सर्वाधिक धावा काढील, कोणत्या मैदानावर नाणेफेक जिंकणाऱ्याचे पारडे किती जड राहील, याची भाकिते आकडेवारीच्या भरजरी वेष्टनात लोकांपुढे मांडली जातात. अंदाज बांधणे हा मनुष्याचा स्वभाव आहे आणि खेळाची निम्मी गोडी त्यातच असते. पानठेल्यापाशी उभे राहून उद्याच्या सामन्यावर वाद घालणाऱ्या दोन मित्रांनी कोणाचे काही बिघडविलेले नसते. प्रश्न उपस्थित होतो तो या अंदाजाला भाव फुटतो तेव्हा. तो भाव फोडणारा कोण, त्यातून कोणाचे घर भरते आणि कोणाचे रिकामे होते, हे तेव्हा विचारावे लागते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींच्या मान्यतेची मोहोर उमटली. पैसे लावून खेळावयाचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, दैवाचा असो वा दोहोंचे मिश्रण असो, या कायद्याने निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. कायद्याने त्याला अपराधी न मानता बळी मानले आहे. देशातील सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोहोचते आणि त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान होते, असा अंदाज त्या वेळी सरकारतर्फे देण्यात आला. पाठोपाठ मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखावरून अशाच एका कंपनीचे नाव उतरले.

एवढ्याने प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे होईल. वर्धा जिल्ह्याला तर तसे मानताच येणार नाही. आकड्याच्या नादाचा उगम ज्या पिकाच्या व्यापारात झाला, ते पीक याच काळ्या मातीत निघते. आणि बंदी काय करू शकते व काय करू शकत नाही, याचा अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभवही याच जिल्ह्याच्या पदरी आहे.

कापसाच्या भावातून निघालेला आकडा

एकोणिसाव्या शतकात या भागात रेल्वे आली आणि येथील कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागला. ‘हिंगणघाट’ हे गावाचे नाव त्या व्यापारात कापसाच्या एका प्रतीचे नाव बनले. कापसाबरोबर कापसाचे भावही समुद्र ओलांडू लागले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवसाच्या आरंभी कोणता भाव निघतो आणि अखेरीस कोणता राहतो, याचे आकडे तारेने मुंबईला येत. ज्यांना कापूस घ्यावयाचा नव्हता आणि विकावयाचाही नव्हता, असे लोक त्या आकड्यांवर पैसे लावू लागले. यालाच ‘आकडा जुगार’ म्हणत. १९६१ मध्ये न्यूयॉर्ककडून येणारे आकडे बंद झाले. वास्तविक त्याबरोबर हा जुगारही संपावयास हवा होता. परंतु १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडा काढण्याची व्यवस्था उभी केली. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढावयाचा, म्हणून त्याला मटका हे नाव पडले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली, तरी नाव मटक्याचेच राहिले. विदर्भात त्याला सट्टापट्टी म्हणतात.

या इतिहासातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रथम कापूस होता. मग कापसाऐवजी कापसाचा भाव आला. मग भावाऐवजी नुसता आकडा उरला. वस्तू गेली, व्यवहार गेला आणि नाद तेवढा राहिला. क्रिकेटच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे. प्रथम खेळ होता. मग खेळाऐवजी खेळाची आकडेवारी आली. आणि आता पुढच्या षटकात किती धावा निघतील, पुढचा चेंडू सीमापार जाईल की नाही, एवढ्याच आकड्याकडे डोळे लावून बसलेला एक वर्ग तयार झाला आहे. तो सामना पाहत असतो, परंतु खेळ त्याला दिसत नाही. टेलिफोनवरून चालणारी खायवाडी आणि लगवाडी नागपूरपासून गोंदियापर्यंत कोणास ठाऊक नव्हती असे नाही. आता ती मोबाइलवर आली आहे इतकेच. ऑनलाइन जुगारात आपले ५८ कोटी रुपये गेल्याची एका नागपूरच्या व्यापाऱ्याची तक्रार २०२३ मध्ये पुढे आली, तेव्हा त्या रकमेने सारे स्तिमित झाले. परंतु ज्याचे पाच हजार जातात आणि ज्याचे घर त्या पाच हजारांवर महिनाभर चालणार असते, तो तक्रार करावयास जात नाही.

साठ वर्षांची आकडेवारी

या व्यवहाराचे समर्थन करणारे म्हणतात, की हा जुगार नव्हे, हा अभ्यास आहे. खेळाडूंची मागील कामगिरी, मैदानाचा इतिहास, हवामान, प्रतिस्पर्धी यांचा विचार करून काढलेला निष्कर्ष आणि आंधळेपणाने लावलेला आकडा यांत फरक आहे. फरक आहे हे मान्यच केले पाहिजे. परंतु अभ्यासाची पोहोच किती, हेही पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही.

विदर्भाचा संघ रणजी करंडक स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळतो. पुढील सहा दशकांत तो एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. २०१७-१८ च्या हंगामापूर्वी एखाद्या सांख्यिकीतज्ज्ञास विचारले असते, तर साठ वर्षांची आकडेवारी पुढे ठेवून त्याने विदर्भाच्या विजेतेपदाची शक्यता नगण्य ठरविली असती, आणि शास्त्रदृष्ट्या त्याला कोणी चूक म्हटले नसते. त्याच हंगामात फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरविले. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी ९ गडी राखून विदर्भ अजिंक्य ठरला. हा योगायोग म्हणावा, तर पुढल्याच वर्षी वर्धा मार्गावरील जामठ्याच्या मैदानात सौराष्ट्राला हरवून त्याने करंडक राखला. २०२३-२४ मध्ये तो उपविजेता ठरला आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर पुन्हा विजेता झाला. त्या शेवटच्या हंगामात हर्ष दुबे या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा नवा उच्चांक केला.

आकडेवारी खोटी नव्हती. ती झालेल्या गोष्टींची नोंद होती, आणि होणाऱ्या गोष्टींवर तिची सत्ता नव्हती. एखाद्या संघात शिस्त कशी आली, एका प्रशिक्षकाने काय बदलले, एका तरुणाच्या मनगटात त्या दिवशी काय संचारले, हे कोणत्याही तक्त्यात आधी लिहिलेले नसते. म्हणून तर खेळ खेळावा लागतो. नुसता मोजून चालत नाही.

ज्या देशात खेळाच्या आकडेवारीचे शास्त्र सर्वाधिक विकसित झाले आहे, तेथील अनुभवही असाच आहे. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांमधील फुटबॉल अत्यंत लोकप्रिय आहे. तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावतात. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून या संघांची क्रमवारी प्रसिद्ध करते आणि १९५० पासून हंगाम सुरू होण्यापूर्वीची क्रमवारीही देते. २०२५ च्या हंगामापूर्वी तिने टेक्सास विद्यापीठास पहिले स्थान दिले होते. पहिल्याच सामन्यात तो संघ ओहायो स्टेटकडून १४-७ असा हरला. त्या क्रमवारीत विसाव्या स्थानी असलेला इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२६ च्या जानेवारीत राष्ट्रीय विजेता ठरला. ही क्रमवारी देणारे पत्रकार अडाणी नव्हते. आयुष्यभर तोच खेळ पाहणारे होते. त्यांचा अंदाज चुकला, तेव्हा त्यांचे काही गेले नाही. ज्यांनी त्या अंदाजावर पैसे लावले, त्यांचे गेले.

दलालीचे गणित

येथे या विषयाच्या गाभ्याशी आपण येतो. अंदाज बरोबर की चूक, ही खरी कसोटी नव्हेच. समजा, दोन तुल्यबळ संघांचा सामना आहे आणि बुकीने दोन्ही बाजूंना रुपयाला १ रुपया ९० पैसे असा भाव दिला आहे. एकाने एका संघावर १०० रुपये लावले आणि दुसऱ्याने दुसऱ्या संघावर १००. बुकीकडे २०० रुपये जमा झाले. कोणीही जिंको, त्याला १९० रुपये द्यावयाचे आहेत. १० रुपये त्याचे झाले, आणि त्यासाठी त्याला क्रिकेटमधील काहीही कळण्याची आवश्यकता नव्हती. पैसे लावणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर दर शंभर रुपयांमागे सरासरी ५ रुपयांचा तोटा ठरलेला आहे. शंभराचा डाव वीस वेळा खेळला, की सरासरीने एक पूर्ण शंभराची नोट पलीकडे गेली. केवळ तोटा टाळावयाचा म्हटले, तरी शंभरांपैकी किमान त्रेपन्न अंदाज बरोबर यावे लागतील. आणि तेही भाव ठरविणाऱ्याजवळ आपल्याहून अधिक माहिती, अधिक यंत्रे आणि अधिक भांडवल असताना. सट्टापट्टीत तर हे गणित आणखी उघडे आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे आणि एका आकड्याला मिळतात नऊपट. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्या ‘पूर्ण ज्ञानी’ माणसालाही दहाचे नऊच मिळावयाचे.

ज्या स्पर्धांत लोक आपापले काल्पनिक संघ निवडून एकमेकांविरुद्ध गुणांसाठी खेळत, त्यांतही जमा झालेल्या प्रवेश शुल्कातून कंपनी आपला वाटा प्रथम बाजूला काढीत असे. राहिलेली रक्कम खेळणाऱ्यांत वाटली जाई. म्हणजे सर्व खेळणाऱ्यांना मिळून, ते कितीही अभ्यासू असोत, लावल्यापेक्षा कमीच परत मिळणार, हे पहिल्या चेंडूपूर्वीच निश्चित असे. एकूण हंगामाचे हे एकच भाकीत असे आहे, की जे कधी चुकत नाही. आणि नेमके तेच कोणी छापीत नाही.

ऋतुपर्णाची पाने

या भूमीच्या पुराणकथेतही हा प्रश्न आलेला आहे. नल राजा द्यूतात राज्य गमावून बसला आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून हे दोघे विदर्भाकडे, कुंडिनपुराकडे निघाले. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हेच ते कुंडिनपूर, अशी परंपरागत श्रद्धा आहे. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची आणि फळांची संख्या सांगितली. नलाने रथ थांबवून फळे मोजली. संख्या बरोबर निघाली. मग ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य शिकविले. ते कळताच नलाच्या शरीरात घर करून राहिलेला कली बाहेर पडला, असे महाभारतकार सांगतात.

सट्ट्याचा पक्षपाती म्हणेल, की पुढे त्याच विद्येच्या बळावर नलाने पुष्कराकडून राज्य परत जिंकले ना? जिंकले. परंतु पुष्कर हा एकटा प्रतिपक्षी होता. दोघांच्या मध्ये बसून प्रत्येक डावातून दलाली उचलणारा तिसरा कोणी तेथे नव्हता. आणि कथेतील अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. आकड्यांचे खरे ज्ञान झाले, तेव्हा नाद सुटला. आज आपल्या तरुणांना आकड्यांचे ज्ञान म्हणून जे दिले जाते, त्याने नाद सुटण्याऐवजी लागतो. ज्ञान आणि ज्ञानाचा भास यांतील हा भेद आहे.

झाडाच्या काही फांद्यांवरून सबंध झाडाचा अंदाज करणे, हे ऋतुपर्णाचे शास्त्र आधुनिक काळात शेतकऱ्याच्या कामी आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे, यदृच्छेने निवडलेल्या थोड्या शेतांतील पीक कापून व तोलून सबंध जिल्ह्याच्या उत्पन्नाचा भरवशाचा अंदाज काढण्याची पद्धत या देशात रुजविली. पीक कापणी प्रयोग म्हणून ती पद्धत प्रत्येक तलाठ्यास आणि कृषी सहायकास परिचित आहे. पीक विम्याची भरपाई ठरविण्यात तिचा आधार घेतला जात आला आहे.

येथे खरा भेद उघड होतो. वर्ध्याचा कापूस उत्पादक जूनमध्ये सरकी टोबतो, तेव्हा तोही अनिश्चिततेच्या हवाली होतो. पाऊस, बोंडअळी आणि बाजारभाव यांपैकी काहीही त्याच्या हाती नसते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची काय दशा केली, हे तो विसरलेला नाही. परंतु ही जोखीम त्याने हौसेने ओढवून घेतलेली नसते. ती पत्करल्याविना कापूस पिकत नाही आणि समाजाला वस्त्र मिळत नाही. विमा, हवामानाचा अंदाज, हमीभाव या साऱ्यांत आकडेशास्त्र असलेली जोखीम हलकी करते, अनेकांत वाटून देते. सट्टा मात्र जेथे जोखीम नव्हती, तेथे ती निर्माण करतो. सामना कोणीही जिंकला तरी ज्याच्या चुलीवर काही परिणाम होणार नव्हता, त्याची चूल तो त्या सामन्याला बांधून टाकतो. एकाच शास्त्राचे हे दोन उपयोग आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजणे हा शास्त्राचाही अपमान आहे.

कौशल्याचा पडदा

आपल्या कायद्याने मात्र दीर्घकाळ निराळेच माप वापरले. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असा निर्वाळा दिला. परंतु ज्यात कौशल्याचा भाग प्रधान, तो जुगार नव्हे, हेही सूत्र त्याच निर्णयपरंपरेत रुजले. १९६८ मध्ये रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या बाजूला गेल्या. २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने काल्पनिक संघांच्या क्रिकेटलाही तोच न्याय लावला. सूत्र तर्कशुद्ध होते. परंतु त्याचा रोख खेळणाऱ्याच्या बुद्धीवर होता, खेळविणाऱ्याच्या गल्ल्यावर नव्हता. कौशल्य कमीअधिक असेल, दलाली मात्र प्रत्येक डावातून जाते. २०२५ च्या कायद्याने हा पडदा दूर केला, हे त्याचे मोठे श्रेय आहे. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. कायदेशीर वाद न्यायालयात व्हावा. नैतिक आणि आर्थिक वादाचा निर्णय समाजाने करावयाचा आहे.

तो करताना शासनाच्या भूमिकेतील विसंगतीकडेही डोळेझाक करता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळांत भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावला आणि दोन वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच ज्या व्यवहारातून कर घेतला तो समाजघातक ठरविला. २०२५ च्या जुलैमध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांची विधिमंडळातील मोबाइलवर रमी दाखविणारी एक चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा त्यांनी केला. आणि महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. खुलासा खरा मानला, तरी आपल्या सार्वजनिक जीवनात शेती, खेळ आणि जुगार या तीन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ येऊन बसल्या आहेत, याचे ते बोलके उदाहरण होते.

बंदी आणि तिच्या मर्यादा

बंदीने जुगार थांबत नाही, तो भूमिगत होतो. त्यापेक्षा तो कायदेशीर करून नियंत्रित करावा, असा एक पक्ष आहे. तो उडवून लावण्याजोगा नाही. न्या. लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली; विधी आयोगानेही जुलै २०१८ मधील २७६ व्या अहवालात, पूर्ण प्रतिबंध शक्य होत नसेल तर नियमन करावे, असे सुचविले. २०१३ च्या आयपीएलमधील निकालनिश्चितीच्या प्रकरणानंतर आणि त्यापायी २०१५ मध्ये दोन संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाल्यानंतर असा विचार होणे स्वाभाविकही होते. अमेरिकेने नेमका हाच मार्ग धरला. मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला आवर घालणारा १९९२ चा कायदा रद्द केला आणि तीसहून अधिक राज्यांनी सट्टा खुला केला. परिणाम असा, की २०२४ मध्ये तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनाच विद्यार्थी खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील पैजा बंद करा, अशी मागणी करावी लागली. पैसे हरलेले लोक विद्यार्थ्यांना शिव्या आणि धमक्या पाठवू लागले होते. दरवाजा उघडला म्हणून अंगणातली घाण कमी होते असे नाही.

दुसरीकडे, बंदीचे गोडवे गाणाऱ्यांनी वर्धा जिल्ह्याकडे पाहावे. महात्मा गांधी १९३६ मध्ये ज्या शेगावात राहावयास आले आणि जे पुढे सेवाग्राम झाले, त्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरीही अवैध दारू पकडल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. याचा अर्थ बंदी व्यर्थ ठरली असा नव्हे. चौकाचौकांत दुकान नसणे, जाहिरात नसणे, वाईटाला वाईट म्हणण्यास कायद्याचा आधार असणे, याचे मोल गावोगावच्या स्त्रियांना विचारावे. पण बंदी हे कुंपण आहे. कुंपण म्हणजे पीक नव्हे. कुंपण घालून घरी निजणाऱ्याचे शेत रातोरात साफ होते. मोबाइलवरील सट्ट्याला तर कुंपणाचीही अडचण नाही. एक संकेतस्थळ बंद केले, की परदेशातून दुसरे उघडते. महाराष्ट्रातील जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. अड्ड्यावर धाड घालावयाची हे त्याचे मुख्य हत्यार. खिशातल्या अड्ड्यावर धाड कशी घालणार?

काय करता येईल

म्हणून काही गोष्टी कायद्याबरोबरच व्हावयास हव्यात. पहिली, पैशाचा माग. सट्ट्याचा पैसा कोणाच्या तरी बँक खात्यातूनच फिरतो, आणि गरजू तरुणांची खाती त्यासाठी भाड्याने वापरली जातात. बँकांनी व पोलिसांनी अशी खाती शोधली, तर शंभर धाडींचे काम होईल.

दुसरी, शाळा. राज्याच्या इयत्ता दहावीच्या बीजगणितात संभाव्यता, सांख्यिकी आणि अर्थनियोजन ही तिन्ही प्रकरणे आहेत. नाणी, फासे आणि पत्ते यांची उदाहरणे विद्यार्थी सोडवितात. त्यात बुकीच्या दलालीचे वर मांडलेले एकच उदाहरण घातले, तर मुलाला आयुष्यभर पुरेल अशी शिदोरी मिळेल. सट्टा पाप आहे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो हिशेबात तोट्याचा आहे, हे फळ्यावर मांडून दाखविणारा शिक्षक हवा.

तिसरी, उपचार. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचे व्यसन इतर व्यसनांच्याच वर्गात नेले. ज्याला तो नाद लागला आहे, त्याला उपदेशापेक्षा वैद्याची गरज अधिक असते. सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या या जिल्ह्यात, दारूच्या व्यसनाप्रमाणेच या व्यसनासाठीही मार्ग असला पाहिजे. कर्ज होऊन बसलेल्या तरुणाला घरी सांगण्याचे धैर्य होत नाही आणि तो एकटाच नको त्या टोकाला जातो. त्याआधी त्याला कोणाकडे तरी जाता यावे.

चौथी गोष्ट वृत्तपत्रांची आणि दूरदर्शन वाहिन्यांची आहे. सट्ट्याच्या जाहिराती घेऊ नयेत, असा सल्ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला २०२२ च्या जूनमध्ये द्यावा लागला, ही भूषणाची बाब नव्हे. सामन्याचे वर्णन करताना ‘भाव’, ‘फेव्हरिट’ असे शब्द सहजी वापरण्यापूर्वी आपण थांबावे. भाकीत अवश्य करावे. पण गेल्या हंगामात केलेल्या भाकितांपैकी किती खरी ठरली, हेही हंगामाअखेर तितक्याच ठळकपणे छापावे. एवढा एक प्रामाणिक पायंडा पडला, तरी भाकिताची अर्धी नशा उतरेल.

आणि शेवटची गोष्ट मैदानांची. जो स्वतः खेळतो, त्याला खेळातील अनिश्चितता पैशांत मोजावी लागत नाही; ती त्याच्या श्वासातच असते. तालुक्याच्या गावी धड एक मैदान नाही, महाविद्यालयात क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी, आणि प्रत्येकाच्या हातात मात्र सामना दाखविणारा मोबाइल, अशी स्थिती असेल, तर तरुणांनी खेळाडू होण्याऐवजी आकडे लावणारे होण्याची सोय आपणच करून ठेवली आहे. साठ वर्षांची आकडेवारी खोटी पाडणारी मुले याच विदर्भात निपजली. त्यांच्यावर कोणी पैसे लावले म्हणून ती जिंकली नाहीत. त्यांना खेळावयास मैदान मिळाले, शिकविण्यास माणूस मिळाला आणि हरण्याची मुभा मिळाली. पुढील हंगामाबद्दल खात्रीने सांगण्याजोगे एवढेच आहे, की एवढ्या तीन गोष्टी जेथे असतील तेथे खेळाडू निपजतील; आणि जेथे त्या नसतील तेथे बुकीला गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही.